चूलबंद आवतण

शेतापलीकडच्या वरच्या वाडीतल्या शिदूच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. पत्र काही अवघड नव्हतं. वहीचं आखलेलं पान, निळी शाई, अक्षर कुणातरी शिकणाऱ्या मुलीचं, आणि पाकिटावर माझं पूर्ण नाव, त्र्यंबकरावपासून आडनावापर्यंत, जसं आता फक्त बँकेच्या कागदांवर येतं. मजकूर पाच-सहा ओळींचा. ‘आपल्या शेतावर नव्या भाताचं जेवण ठेवलं आहे असं बोर्डावर वाचलं. आनंद झाला. तरी एक विचारणे आहे. आवतण घरटी एक आहे की चूलबंद आहे ते कळवावे. आपण कागदाचे माणूस आहात म्हणून कागद पाठवला आहे. राग नसावा.’ खाली शिदूचा अंगठा नव्हता, सही होती. थरथरती, पण सही. घरटी एक म्हणजे प्रत्येक घरातून एकानं जेवायला यायचं. चूलबंद म्हणजे सगळ्या घरानं यायचं, म्हाताऱ्यांपासून पाळण्यातल्या मुलापर्यंत, त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. उत्तर एका शब्दाचं होतं. प्रेरणा, माझी मुलगी, पत्र वाचून हसली आणि म्हणाली, “बाबा, हे तुमचं खातं. सातबारा तुमच्या नावावर, पत्र तुमच्या नावावर, तुम्हीच लिहा.” मी हो म्हणालो. पत्र घडी घालून खिशात ठेवलं, लोणावळ्याला घरी आलो, टेबलाशी बसलो, आणि तो एक शब्द मला लिहिता आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, जेवणाचा रविवार उजाडला तोवर नाही.

हे सगळं मी विसरल्यासारखं करून बसलो होतो. आज सकाळी भाजी आणायला बाजारात गेलो तोवर ते जमलंही होतं. रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या, चिक्कीच्या दुकानांबाहेर हाका मारणारी मुलं, आणि त्या गर्दीतून माझ्या पाठीत बसल्यासारखी हाक आली. “भाऊ! ओ भाऊ!” मला रस्त्यात कुणी हाक मारत नाही. सदतीस वर्षं वाचनालयात काम केलं, पण लोक मला ओळखत ते टेबलामागे. रस्त्यावर माझा चेहरा त्यांना ओळखू येत नसे, आणि ते मला बरं वाटे. वळून पाहिलं तर फुटपाथच्या कडेला वालाच्या शेंगांची पाटी पुढे ठेवून शिदूची बायको, बाया, बसलेली. एक पाय दुमडलेला, दुसरा सरळ लांब केलेला. कापणीला ती आमच्या शेतावर आली होती, तेव्हा मी तिला दोनदा चहा दिला होता. त्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं.

“बरं हाय का?”

“हो. तुम्ही?”

“आमास्नी काय धाड भरलीय!” ती हसली. मग मान जरा वाकडी करून, नवऱ्याचं नाव न घेता म्हणाली, “कागुद मिळाला न्हवं? हर्षदाच्या आज्यानं धाडल्याला?”

“कसला कागद?” मी म्हणालो.

मी असं म्हणणार आहे हे मला तोंडातून शब्द बाहेर पडेपर्यंत माहीत नव्हतं. बाया माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. एखाद्या मुलानं हातातलं काहीतरी पाठीमागे लपवलं की मोठं माणूस जसं दुसरीकडे बघतं, तशी तिनं नजर पाटीकडे वळवली आणि शेंगा सारख्या करत म्हणाली, “मग टपालवाल्यानंच कुटंतरी टाकला आसंल. त्यो बी लय गळका हाय.” तिनं मूठभर शेंगा कागदात बांधल्या. “घ्या. लेकीला द्या. पैसं नगं.” मी पुडा घेतला, काहीतरी पुटपुटलो, आणि समोर उघडं दिसलं त्या चिक्कीच्या दुकानात शिरलो. आतल्या मुलानं माझ्यापुढे तुकडा धरला. “काका, टेस्ट करा. शेंगदाणा देऊ का मिक्स?” दातांमुळे मला चिक्की खाता येत नाही. मी पाव किलो घेतली. काचेतून बघत राहिलो. बाया एका बाईला शेंगा मोजून देत होती, दुकानाकडे एकदाही बघत नव्हती. ती बघत नाही हे मला सहन होत नव्हतं, आणि तिनं बघू नये म्हणून माझा जीव वर-खाली होत होता.

भीती म्हटलं की लोकांना काहीतरी मोठं वाटतं. माझी भीती मोठी नाही, ती नेहमीची आहे, चष्म्यासारखी नाकावर बसलेली. दाराची बेल वाजली की मी खुर्चीतून अर्धा उठतो, आणि माणूस आत येऊन पाणी पिऊन जाईपर्यंत नीट टेकत नाही. माझी बायको शालन होती तेव्हा बोलावणी, बारशी, हळदीकुंकू, कुणाला कसं सांगायचं आणि कुणाला स्वतः जाऊन सांगायचं, हे सगळं ती बघायची. मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचो आणि बाहेरच्या आवाजांवरून ओळखायचो की आता चहा झाला, आता निघतायत. ती गेली, आणि माझ्याकडे कुणी येईना. ते मला सुटल्यासारखं वाटलं हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मग प्रेरणा आणि तिचा नवरा सत्यम यांनी नोकऱ्या सोडल्या. कान्हे गावाच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी ती जमीन त्यांना आवडली. पण शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, आणि आमच्या घरात शेतकरी असल्याचा दाखला निघाला तो माझा. भोरकडच्या कुठल्याशा वडिलोपार्जित तुकड्यावर माझं नाव होतं. तो तुकडा मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. अशा रीतीनं, ज्यानं कधी विळा हातात धरला नाही, तो मी मालक झालो. प्रेरणा म्हणायची, आपण एकटं शेत नाही करायचं बाबा, आजूबाजूचे सगळे आले पाहिजेत, मुलांनी यावं, बायकांनी बियाणं आणावं-न्यावं, तुम्ही रविवारी ओट्यावर बसून पुस्तकं वाचून दाखवा. ती बोलत असताना तिचा चेहरा शालनसारखा दिसायचा. मी मान हलवायचो, आणि डोळ्यांपुढे ओटा यायचा, आणि ओट्याकडे चालत येणारी माणसं, एकामागून एक, न संपणारी.

न संपणारी माणसं मी एकदा पाहिली आहेत. आम्ही रेल्वेच्या चाळीत राहायचो, लोणावळ्यातच. वडील घाटातल्या गाड्यांवर कामाला. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. दुपारी शाळेतून आलो तर आमच्या दारात चपला होत्या. आधी दारात, मग पायरीवर, मग ओळीनं पार नळापर्यंत. मला वाटलं काहीतरी गंमत आहे, मी त्या चपलांच्या कडेकडेनं चालत आलो. आत शिरलो आणि दार मागून माणसांनी बंद झालं. लुगडी, धोतरं, कोळशाचा वास, कुणाचा तरी हात माझ्या डोक्यावर, कुणाचा खांद्यावर, कुणीतरी मला पोटाशी धरलं तेव्हा माझं नाक त्या कापडात दबलं आणि मला श्वास घेता येईना. वडील कामावर असताना छातीत कळ येऊन गेले होते. ते मला कुणी सांगितलं नाही. सगळे आले होते, त्यावरून मला ते कळायचं होतं. पुढचे तेरा दिवस लोक येत राहिले. चांगली माणसं होती. कुणी पिठलं आणलं, कुणी आईजवळ नुसतं बसलं. पण माझ्या शरीराला एवढंच समजलं की घरात पुष्कळ माणसं आली म्हणजे कुणीतरी गेलेलं आहे. त्यानंतर इतकी पुस्तकं वाचली, मनाविषयीही वाचली, पण शरीर काही वाचत नाही. शिदूच्या पत्रातला ‘चूलबंद’ हा शब्द मी वाचला आणि मला त्या चपलाच दिसल्या, वरच्या वाडीपासून आमच्या फाटकापर्यंत.

पण हे एवढंच कारण, असं म्हणालो तर ते खोटं होईल. दुसरंही एक होतं, आणि ते जास्त वाईट होतं. सगळे आले, सगळ्या घरांनी आमच्या अंगणात बसून आमचा भात खाल्ला, तर ती जागा नंतर किती आमची राहील? कुंपण कुणासाठी राहील? असा प्रश्न माझ्या मनात आला होता. मला, ज्याला शेताची चतुःसीमा विचारली तर सांगता येत नाही. आणि घरटी एक लिहावं तर तेही हातून होईना. कारण मग शिदूला ठरवावं लागलं असतं की बायानं घरी राहायचं की त्यानं. तेव्हा काहीच न लिहिणं हेच सभ्यपणाचं, असं मी स्वतःला समजावलं.

जेवणाचा रविवार आला. फाटकावर प्रेरणानं स्वतः रंगवलेला बोर्ड होता, ‘शेत आपलंच आहे. सर्वांचं मनापासून स्वागत’. कान्हे स्टेशनबाहेर तसाच एक, व्हॉट्सॲपवर तोच. तळेगावहून, सोमाटण्याहून गाड्या आल्या. मुलांनी पेंढ्यात उड्या मारल्या, आईबापांनी फोटो काढले, सगळे फार चांगलं बोलले. इंद्रायणीच्या नव्या भाताचा वास अंगणभर होता. मी विहिरीजवळच्या खुर्चीत, हातात पुस्तक, पान न उलटता. फाटकाकडे कुणी वळलं की मी पुस्तक डोळ्यांपुढे धरायचो. वरच्या वाडीचं कुणीच आलं नाही. शेजारचे अंबाजी तेवढे आले, आमच्या बांधाला बांध असलेले. डोक्यावर टोपी, खिशात मोबाइल, बोलायला फटकळ. त्यांनी जेवणावर नजर टाकली, गाड्यांवर टाकली, आणि सत्यमला विचारलं, “जावईबापू, वरच्या वाडीचं कुनी दिसंना?”

“सगळ्यांना बोलावलंय की,” सत्यम म्हणाला. “बोर्ड लावलाय ना.”

“बोर्ड व्हय? बोर्ड तर त्या लायटीच्या डीपीला बी हाय. म्हनून काय कुनी हात लावतं?”

सगळे हसले. सत्यमही हसला. प्रेरणा हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. गाड्या निघून गेल्यावर मोठं पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. तिनं विचारलं, “बाबा, तुम्ही उत्तर पाठवलं होतं ना?” मी म्हणालो, नाही. तिनं भात टोपल्यात काढला, पातेलं विहिरीवर नेलं आणि घासत बसली, ते लख्ख झाल्यावरही घासत राहिली. संध्याकाळी सत्यमशी बोलताना तिचा आवाज आला. ऑफिसातल्या जुन्या साहेबांचा फोन आला होता, जागा अजून रिकामी आहे म्हणत होते. “उन्हाळ्यापर्यंत बघू,” ती म्हणाली. “शेजारपाजारचं कुणी फिरकणारच नसेल तर हे शेत काय आणि फार्महाऊस काय. तशी इथे पुष्कळ आहेत.” मी आतल्या खोलीत होतो. बाहेरच्या आवाजांवरून ओळखण्यात मी आयुष्यभर तरबेज आहे.

आज चिक्कीच्या दुकानातून निघालो तो घरी गेलोच नाही. स्टेशनवर आलो आणि पुण्याकडच्या लोकलमध्ये बसलो. या वेळेला ती रिकामीच असते. एका हातात वालाच्या शेंगा, एका हातात चिक्की, भाजीची पिशवी रिकामी. मळवली गेलं, कामशेत गेलं. मी जाऊन शिदूला तोंडानं सांगणार होतो. काय सांगणार होतो ते ठरत नव्हतं. समोरच्या बाकावरची मुलगी बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मी खिडकीकडे तोंड केलं. ती उठून जवळच आली.

“आबा, कान्ह्याला उतरणार ना? मी हर्षदा. शिदू माझे आजोबा. कॉलेजातून येतीय.”

मी चिक्की पुढे केली. दुसरं काही सुचलं नाही. तिनं एक तुकडा घेतला आणि कुडूमकुडूम खात अगदी सहज म्हणाली, “पत्र माझ्याच अक्षरात होतं. शुद्धलेखन चुकलं होतं का?”

“नाही,” मी म्हणालो. मग म्हणालो, “मिळालं मला ते.” एवढं म्हणताना खिडकीची दांडी घट्ट धरावी लागली.

“मिळालं असणारच. मी आजोबांना म्हटलं होतं, फोन करा, ताईंचा नंबर आहे बोर्डवर. तर म्हणाले, फोनवर मानूस घाईत हो म्हनतं. कागदावर इचार करून लिवतं.”

“आणि उत्तर नाही आलं तेव्हा?”

“म्हणाले, इचार चाललाय अजून.” ती हसायला लागली. “आजी म्हणती, इतका इचार तर तुमी लगीन करतानाबी केला न्हवता.”

मीही हसलो, निदान तसा आवाज काढला. रागावलेले असते तर मला काय करायचं ते कळलं असतं; रागावलेल्या माणसांना टाळता येतं. हे लोक तिथे वर बसून माझी वाट बघत होते. विषय बदलावा म्हणून मी म्हणालो, “आजी आज फार सकाळी आल्या होत्या बाजारात.”

“अंधारातच निघती आता. वळसा पडतो ना.”

“कसला वळसा?”

“ओढ्याच्या अंगानं. आधी तुमच्या बांधावरनं जायचो की आम्ही सगळे रस्त्याला.”

“मग आता?”

तिनं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं, हे मला ठाऊक नाही याचं नवल. “आता बोर्ड लागला ना, आबा. आधी पडीक रान होतं, गेलं तरी कोण काय म्हणणार? आता स्वागत आहे असं लिहिलंय म्हटल्यावर आवतण आल्याबिगर कसं जायचं? बरं दिसत नाही. लोक म्हणतील, जेवायला सांगितलं नाही तरी येरझाऱ्या घालतात.” मग हात पुसत म्हणाली, “मागल्या आठवड्यात आजी पाटी घेऊन ओढ्यात पडली. गुडघा सुजलाय. बाजारात मात्र बसायचंच तिला.”

लांब केलेला पाय. तो सकाळी मला दिसला होता, आणि मी पुडा घेऊन पळालो होतो. कान्हे आलं. हर्षदा म्हणाली, रिक्षात चला. मी म्हणालो, मला जरा काम आहे. काम नव्हतं. ती गेल्यावर मी रस्त्यानं चालत आलो, पण आमच्या फाटकाकडे वळलो नाही. ओढ्याच्या वाटेनं निघालो. का निघालो ते आताही सांगता येणार नाही. कदाचित मला बघायचं होतं की माझ्या न लिहिलेल्या शब्दाला लांबी किती आहे. वाट नवी होती. गवत दोन्हीकडे तुडवून झोपलेलं, दगडांवर चिखल लागलेल्या पावलांचे ठसे, काही उघड्या पायांचे, एक लहान मुलाचा. ओढ्याला घोट्याएवढंच पाणी, पण दगड शेवाळलेले. मी चपला हातात घेतल्या. मधोमध आलो आणि पाय पुढे पडेना, मागेही पडेना. भर दुपार होती, वर स्वच्छ आकाश, कुठे कुणी नाही. मी पडलो तर मला कुणी शोधायला येणार नाही, हे एक भय. आणि मला शोधायला पुष्कळ माणसं येतील, हे दुसरं. या दोन्हींतलं मोठं कोणतं हे त्या दगडावर उभं राहून मला खरोखर ठरवता येईना. बाया इथे डोक्यावर पाटी घेऊन, अंधारात. शेवटी मी चक्क खाली बसलो, पाण्यात, पॅन्ट भिजवत, आणि बसत-सरकत पलीकडे गेलो. कुणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं हा विचार तिथेही आलाच.

चढ संपल्यावर वाडी दिसली. सतरा-अठरा घरं असतील. बहुतेक छपरांतून धूर निघत होता, बारीक, सरळ. दुपारच्या भाकरी चालल्या असाव्यात. एक कुत्रं भुंकलं, मग दुसरं. एका अंगणातून कुणीतरी डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि ओरडलं, “कोन हाय?” साधा प्रश्न. माझं नाव सांगायचं होतं, पत्रावर असतं तसं पूर्ण. मी तोंड उघडलं. आतून काही आलं नाही. अंगणात आणखी एक माणूस उभा राहिला, मग एक बाई. ते नुसते उभे होते, मी कोण आहे ते कळावं म्हणून, आणि मला दिसत होतं की मी हात वर केला तरी पुरे. हात वर झाला नाही. मी वळलो आणि भिजलेल्या कपड्यांनी उतरलो. कुत्री बरीच वाट माझ्या मागे होती. ओढ्यापाशी येऊन थांबली.

प्रेरणा अंगणात सुपानं भात पाखडत होती. मला त्या अवस्थेत बघून उठली. “बाबा! कुठे पडलात?” मी म्हणालो, पडलो नाही, बसलो. आणि मग सगळं सांगितलं, बाजारातलं ‘कसला कागद’ सुद्धा. बांधाच्या वाटेचं ऐकून ती खाली बसली. “म्हणजे या बोर्डानं आपण त्यांची वाटच अडवली,” ती म्हणाली. सत्यम पक्कड घेऊन फाटकाकडे गेला. तारा कापल्याचा आवाज आला. तो बोर्ड उचलून घेऊन आला आणि उलटा करून भिंतीला टेकवला.

“मी जाऊन येऊ का वाडीवर?” प्रेरणा म्हणाली. “आत्ता जाते, पाच मिनिटांत सांगून येते.”

“नको,” मी म्हणालो. “त्यांनी मला विचारलंय. कागदावर विचारलंय.”

“मग काय लिहिणार?”

“चूलबंद.”

“म्हणजे किती जण होतील?”

“माहीत नाही.”

“भात पुरेल?”

“तेही माहीत नाही.”

ती हसली. रविवारनंतर पहिल्यांदा हसली. मग हसू ओसरलं आणि तिनं मला विचारलं, अगदी हळू, सत्यमला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, “तुम्हाला भीती नाही वाटणार? सगळे आले तर?”

“वाटेल,” मी म्हणालो. “आत्ताही वाटतेय.”

तिनं कोरडे कपडे आणून दिले, आणि एक आखलेला कागद. मी ओट्यावर बसलो. पहिला कागद फाडला. त्यात आयुष्यभर वाचलेली सगळी भाषा आली होती, कृपाभिलाषी, विनंती विशेष. दुसऱ्यात माफीच माफी होती, इतकी की आवतण सापडेना. शिदूनं पाच-सहा ओळींत भागवलं होतं. मीही तेवढंच लिहिलं. ‘शिदूभाऊ यांस नमस्कार. आपलं पत्र वेळेवर मिळालं होतं. टपालवाल्याचा दोष नाही, बायाबाईंना तसं सांगावं. पुढच्या रविवारी नव्या भाताचं जेवण पुन्हा करतो आहोत, फक्त वरच्या वाडीसाठी. आवतण चूलबंद आहे. बांधावरच्या वाटेला आवतण लागत नाही, ती पूर्वीपासून आहे तशीच आहे. पत्र पोचताक्षणी सर्वांनी तिथूनच जावं. मला चार माणसांत बोलता येत नाही, तरी राग नसावा.’ शेवटचं वाक्य खोडायला पेन टेकवलं, आणि तसंच राहू दिलं. सही केली.

सत्यम म्हणाला, बाइकवर नेऊन सोडतो. मी चालतच गेलो. आमच्याच बांधावरून गेलो. त्या वाटेवर गवत नुकतं कुठे धरू लागलं होतं. कान्ह्याच्या पोस्टाबाहेर लाल पेटी आहे, शेजारी चहाची टपरी, टपरीवर दोघे-तिघे बसलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाकीट फटीत घातलं, आणि बोटं ते सोडेनात. अजूनही ते परत ओढता आलं असतं. ‘घरटी एक’ लिहिता आलं असतं, ‘प्रकृती ठीक नाही’ लिहिता आलं असतं. पाकिटाचा कोपरा अंगठ्याला टोचत होता. टपरीवरून कुणीतरी म्हणालं, “आबा, अडाकलं का?”

“नाही,” मी म्हणालो, आणि सोडलं. आत ते पडल्याचा आवाज आला.

आता ते येणार होते. एकही माणूस घरी न ठेवता, काठी टेकत शिदू, गुडघा धरत बाया, कडेवरची, बोटाला धरलेली, मी कधी न पाहिलेली सगळी. अंगणात आल्यावर त्यांचे डोळे आधी मालक कुठे आहे ते बघतील, आणि मला विहिरीजवळून उठून फाटकापर्यंत चालत जावं लागेल, आणि ‘या’ म्हणावं लागेल. तो शब्द मी पेटीकडे तोंड करून एकदा म्हणून पाहिला. आवाज फुटला नाही. टपरीवरचे बघत होते. मी घसा साफ केला, आणि पुन्हा म्हणून पाहिला.